परदेशची पदवी की परदेशची विद्या?

कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या आपल्या समाजातील तरुणांपैकी काहींच्या मनात आज एक नवी आकांक्षा मूळ धरू लागली आहे. न्यायालयात उभे राहण्यापेक्षा विधिमहाविद्यालयाच्या वर्गात उभे राहावे, कायदा शिकवावा, कायद्यावर ग्रंथ लिहावेत, असे त्यांना वाटते. ही आकांक्षा सर्वस्वी स्वागतार्ह आहे. परंतु तिच्या पूर्तीसाठी परदेशी जाण्याचा विचार सुरू झाला की जो प्रश्न विचारला जातो तो असा : ऑक्सफर्ड श्रेष्ठ की हार्वर्ड? लंडनला जावे की येलला? आमच्या मते हा प्रश्नच चुकीच्या रीतीने मांडला जातो. विद्यापीठाच्या नावाचा विचार करण्यापूर्वी त्या विद्यापीठात जाऊन आपण काय करणार, हे ठरले पाहिजे. वकिली करणारास उपयोगी पडणारी पदवी एक आणि अध्यापकास लागणारी विद्या दुसरी. या दोहोंची गल्लत केल्यास आयुष्यात एकदाच मिळणारी संधी वाया जाण्याचा धोका आहे.

हा भेद आपणांस नवा नाही. १९१६ साली लंडनला पोहोचल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन ठिकाणी नाव नोंदविले. ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राच्या संशोधनासाठी. पहिल्या ठिकाणी त्यांना व्यवसायाचा अधिकार मिळाला. दुसऱ्या ठिकाणच्या अभ्यासातून रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध निर्माण झाला व तो १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील एका चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला होता. बॅरिस्टरीचे मोल त्यांनी पुरेपूर ओळखले होते. पण बॅरिस्टरी म्हणजेच विद्वत्ता, असे त्यांनी कधी मानले नाही. पुढे १९३५ साली मुंबईच्या शासकीय विधिमहाविद्यालयाच्या प्राचार्यपदावर ते आले, तेव्हा त्यांच्या पाठीशी या दोन्ही प्रकारची तयारी उभी होती.

आता परदेशातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे खरे स्वरूप पाहू. एल.एल.एम. ही पदवी इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत बहुधा एका वर्षात, किंबहुना नऊ-दहा महिन्यांत पुरी होते. केंब्रिजच्या एल.एल.एम.मध्ये विद्यार्थी चार विषय घेतो. इच्छा असल्यास त्यांपैकी एका विषयाऐवजी प्रबंध लिहिता येतो. ऑक्सफर्डच्या पदवीचे नाव बी.सी.एल. असे असल्यामुळे ती प्रथम पदवी असावी असा अनेकांचा समज होतो. वस्तुतः ती पदव्युत्तरच आहे आणि आपल्यासारख्या, इंग्रजी कायद्याच्या परंपरेत शिकलेल्या पदवीधरांसाठीच आहे. तिचा दर्जा निर्विवाद उच्च आहे, परंतु तिचा मुख्य भर लेखी परीक्षांवर आहे. हार्वर्डच्या एल.एल.एम. वर्गात साठाहून अधिक देशांतील सुमारे १८० विद्यार्थी एकत्र येतात. त्यांच्यात न्यायाधीश असतात, सरकारी अधिकारी असतात, मोठ्या कंपन्यांचे वकील असतात. ओळखी व अनुभव या दृष्टीने हे वर्ष मोलाचे खरे. पण ग्रंथालयात बसून एका प्रश्नाचा तळ गाठण्याइतका अवकाश या धावपळीच्या नऊ महिन्यांत कितीसा मिळणार?

अध्यापकाची घडण होते ती संशोधनाने. एक प्रश्न निवडणे, त्यावर झालेले सर्व लेखन धुंडाळणे, जाणत्या मार्गदर्शकापुढे आपले म्हणणे मांडणे, त्याचे घाव सोसून ते पुन्हा लिहिणे आणि शेवटी कोणीही खोडून काढू शकणार नाही अशा स्वरूपात ते जगापुढे ठेवणे, हे शिक्षण परीक्षेच्या तीन तासांत मिळत नाही. म्हणून अध्यापनाचे ध्येय असणाऱ्याने कोणताही अभ्यासक्रम निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात. येथे मला दीर्घ प्रबंध लिहावा लागेल काय? माझ्या विषयाचा जाणकार मार्गदर्शक येथे आहे काय? आणि येथून डॉक्टरेटकडे जाणारी वाट आहे काय?

या कसोटीवर घासून पाहिले म्हणजे नावांचा क्रम बदलू लागतो. ऑक्सफर्डची केवळ बी.सी.एल. घेऊन परत येणे वेगळे आणि बी.सी.एल.नंतर आणखी एक वर्ष राहून तीस हजार शब्दांपर्यंतचा प्रबंध सादर करून एम.फिल. घेणे, व तोच धागा पुढे डी.फिल.पर्यंत नेणे वेगळे. येलचा एल.एल.एम. वर्ग हार्वर्डच्या मानाने अगदी लहान असतो व तो मुख्यतः अध्यापनाकडे वळू इच्छिणाऱ्यांसाठीच आहे. शिवाय येलची जे.एस.डी. ही डॉक्टरेट येलच्याच एल.एल.एम. पदवीधरांना खुली असते. म्हणजे तेथे एल.एल.एम. हा डॉक्टरेटचा दरवाजा आहे. स्टॅनफर्डमध्ये आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांसाठी असा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे की ज्यात समाजात कायदा प्रत्यक्ष कसा चालतो याचा शोध घेण्याच्या पद्धती शिकविल्या जातात आणि प्रबंध लिहावाच लागतो. आपल्या प्रश्नांच्या अभ्यासकाला ही पद्धती फार उपयोगाची आहे. कारण अत्याचारप्रतिबंधक कायद्याची कलमे पाठ असणारे पुष्कळ आहेत. पोलीस ठाण्यापासून निकालापर्यंत त्या कलमांचे काय होते, हे मोजून दाखविणारे थोडे आहेत.

आता आमचे मुख्य म्हणणे. इंग्लंडमधील विद्यापीठांत पीएच.डी.ला प्रवेश घेण्यासाठी तेथलीच एल.एल.एम. असावी लागते, असा एक समज रूढ आहे. तो खरा नाही. भारतीय विद्यापीठाची चांगल्या गुणांनी मिळविलेली एल.एल.एम., विचारपूर्वक लिहिलेला संशोधनाचा आराखडा आणि तो स्वीकारण्यास तयार असलेला मार्गदर्शक एवढ्या बळावर तेथे प्रवेश मिळू शकतो. मग ज्याला अध्यापकच व्हावयाचे आहे, त्याने परदेशगमनाची संधी एका वर्षाच्या एल.एल.एम.वर का खर्च करावी? एल.एल.एम. येथे करावी, अल्प खर्चात करावी. नेट किंवा सेट येथे उत्तीर्ण व्हावे. आणि परदेशाची संधी डॉक्टरेटच्या तीन-चार वर्षांसाठी राखून ठेवावी. ऑक्सफर्ड किंवा येलप्रमाणे जेथे पहिले वर्ष संशोधनाच्या वाटेवरचे पाऊल ठरते, तेथे अपवाद करण्यास आमची हरकत नाही.

घरचे नियमही हाच सल्ला देतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापक होण्यास पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जातींच्या उमेदवारांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. आणि २०२३ च्या दुरुस्तीने नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट ठरविली. परदेशची एल.एल.एम. आणली म्हणून या परीक्षेतून सुटका होत नाही. त्यातच बार कौन्सिल ऑफ इंडियाने जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांत एल.एल.एम. दोन वर्षांचीच असावी असा आग्रह धरला व परदेशच्या एका वर्षाच्या पदवीच्या समकक्षतेपुढे अटी उभ्या केल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्या शैक्षणिक वर्षी हे नियम अमलात आणणार नाही, असे कौन्सिलने न्यायालयास सांगितले. परंतु यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. ज्या पदवीच्या मान्यतेविषयी घरीच वाद उत्पन्न होऊ शकतो, तिच्यासाठी घरदार गहाण टाकू नये. जाण्यापूर्वी समकक्षतेची चौकशी लेखी करावी व लेखी उत्तर जपून ठेवावे.

पैशाचा विचार तर टाळताच येत नाही. हार्वर्डच्या एका वर्षाची नुसती शिकवणी फी सत्तर हजार डॉलरांहून अधिक आहे. शेतमजुराच्या वा सफाई कामगाराच्या मुलाने ती कोठून आणावी? चेव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासाकरिता असते. डॉक्टरेटला तिचा उपयोग नाही. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे आणि ती पदव्युत्तर अभ्यासाप्रमाणेच पीएच.डी.लाही लागू आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे व तिच्यातही पीएच.डी.ची सोय आहे. अर्धवट आधाराचे दुःख काय असते, हे बाबासाहेबांनी स्वतः भोगले. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास सोडून परतावे लागले. १९२० साली स्वतःची बचत व मित्रांचे साहाय्य घेऊन ते पुन्हा गेले. प्रत्येकास असे दुसऱ्यांदा जाता येईल, हे गृहीत धरता येत नाही. म्हणून ज्या शिष्यवृत्तीत अखेरपर्यंतचा खर्च भागेल तीच धरावी, मग विद्यापीठाचे नाव एक पायरी खाली असले तरी चालेल.

परंतु येथेच एक गंभीर गोष्ट नमूद केली पाहिजे. २०२२ साली केंद्र सरकारने या राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या नियमांत बदल करून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय तिच्या कक्षेबाहेर ठेवले. याचा अर्थ काय होतो? अस्पृश्यता, आरक्षण, धर्मांतरितांचे हक्क या विषयांवर परदेशात संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास त्याच्याच समाजाच्या उद्धारासाठी निर्माण केलेल्या शिष्यवृत्तीचा दरवाजा बंद होतो. कंपनी कायदा शिकण्यास पैसा मिळेल. स्वतःच्या गुलामगिरीचा कायदा तपासण्यास मिळणार नाही! अशी अट विद्यार्थ्याला संशोधनापासून दूर सारून निरुपद्रवी पदव्यांकडे ढकलते. तिला शिष्यवृत्तीच्या कोणत्याही नियमावलीत स्थान असता कामा नये आणि ही मागणी आपण सनदशीर मार्गाने सतत केली पाहिजे.

हा आग्रह कशासाठी? भारतातील आरक्षणाच्या कायद्यावर जो ग्रंथ प्रमाण मानला जातो, तो मार्क गॅलँटर या अमेरिकन विद्वानाने लिहिला व तो १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या परिश्रमांविषयी आम्हांस आदरच आहे. पण १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचेच उदाहरण घ्या. त्या आदेशात १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध समाविष्ट झाले. १९८५ च्या सूसाई खटल्यात ख्रिस्ती झालेल्या अर्जदाराकडून, धर्मांतरानंतरही जातीचे जाच तितक्याच तीव्रतेने चालू राहतात याचा पुरावा न्यायालयाने मागितला. हा पुरावा गोळा करणे, न्यायालयाच्या भाषेत मांडणे व जगातील समतेच्या कायद्याशी ताडून पाहणे, हे काम कोणाचे? ज्यांनी तो जाच पाहिला आहे त्यांनी तो लिहिला नाही, तर ते नेहमी दुसऱ्यांच्या पुस्तकांतील उदाहरणेच राहतील.

यावर कोणी म्हणेल की गरिबाच्या घरी तीन-चार वर्षे कमाईवाचून काढणे परवडत नाही. एका वर्षाची मोठ्या नावाची पदवी घेऊन लवकर नोकरीस लागावे हेच शहाणपणाचे. ही अडचण आम्ही नाकारीत नाही. ज्याच्यावर घरची जबाबदारी आहे त्याने वकिली करावी, नोकरी करावी. त्यात कमीपणा नाही. मात्र त्याने आपण अध्यापनाची तयारी करीत आहोत, अशी स्वतःची समजूत घालू नये. आणि ज्याच्यात विद्येची खरी ओढ आहे, त्याच्या घराला या वर्षांत टेकू देणे हे समाजातील कमावत्या माणसांचे कर्तव्य आहे. वकील, अधिकारी व प्राध्यापक यांनी मिळून दरवर्षी अशा एका तरी विद्यार्थ्याच्या घरखर्चाचा भार उचलावा.

म्हणून तरुणांनी प्रथम आपला प्रश्न निश्चित करावा, मग मार्गदर्शक शोधावा, त्यानंतर शिष्यवृत्ती पाहावी आणि विद्यापीठाचे नाव सर्वांत शेवटी विचारात घ्यावे. चौकटीत बसवून भिंतीवर लावलेली पदवी घरच्यांनाच दिसते. ग्रंथालयाच्या फळीवर ठेवलेला ग्रंथ न्यायाधीशापर्यंत जातो आणि अजून जन्मास न आलेल्या विद्यार्थ्यापर्यंतही जातो. आपल्या समाजाला आज अशा ग्रंथांची व ते लिहू शकणाऱ्या अध्यापकांची गरज आहे.