चाल कुठली का असेना, म्हणणारे किती?

चर्चमधल्या लग्नात नवरी आत येते तेव्हा कीबोर्डवर वाजणारी धून आता सिनेमांमुळे सगळ्यांच्याच कानात बसली आहे. ती रिचर्ड वाग्नरच्या 'लोहेनग्रिन' या १८५० साली रंगमंचावर आलेल्या ऑपेरातली. तिथे हे गाणं लग्न लागून गेल्यावर, नवराबायकोला शयनगृहात पोचवताना गायलं जातं. त्याच रात्री एल्सा नवऱ्याला विचारू नये तो प्रश्न विचारते आणि संसार मोडतो. जोडपं बाहेर पडताना वाजतो तो मेंडेल्सनचा 'वेडिंग मार्च'. तोही नाटकासाठीच, शेक्सपिअरच्या एका सुखात्मिकेसाठी लिहिलेला. दोन्ही रचना मला मनापासून आवडतात, पण ख्रिस्तयागात त्या नसाव्यात असं मला वाटतं. मात्र माझं कारण नेहमी दिलं जातं त्याहून निराळं आहे.

नेहमीचं कारण असं, की नाटकातली चाल ऐहिक, म्हणून देवळात अपवित्र. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ च्या फर्मानात हाच धाक घातला होता. नाटकी थाटाचं संगीत नको, पियानो नको, ढोल नकोत. त्या काळी इटलीतल्या चर्चमध्ये ऑपेराची नक्कल इतकी बोकाळली होती की त्यांचा संताप समजू शकतो. पण चालीला तिच्या जन्मगावावरून जात चिकटवायची हे मला पटत नाही, आणि ते का पटत नाही याचं उत्तर आपल्या पेण-रोह्यातच आहे.

रोह्यात कुंडलिका ओलांडली की अष्टमी. पेणला तसंच अष्टमीलाही बेने इस्रायलांचं, म्हणजे मराठी यहुद्यांचं, सिनेगॉग. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही त्या समाजाची आडनावं इथल्या गावांवरूनच पडली. मुंबईत स्थिरावलेल्या या मंडळींनी १८८० च्या सुमारास कीर्तन हाती घेतलं, त्यासाठी मंडळही काढलं. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातलं आघाडीचं नाव. आख्यानं अब्राहाम, मोशे यांची, भाषा मराठी, आणि रचना साकी, दिंडी, आर्या, ओवी, पद अशी अस्सल हरिदासी. तोरामधली कथा तिथे आपल्याकडच्या चालींत उभी राहिली. जो मराठी यहुदी हिब्रू प्रार्थना पाठ म्हणे पण तिचा अर्थ पुरता जाणत नसे, त्याला आपल्या पूर्वजांची गोष्ट या चालींतून समजली. अशा चालींना अपवित्र कोण म्हणेल?

नाटकाचं म्हणाल, तर ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात उभ्या राहिलेल्या 'संगीत शाकुंतला'साठी अण्णासाहेब किर्लोस्करांनीही कीर्तनातल्या साकी-दिंडीच उचलल्या होत्या. पुढे १९३१ च्या 'संगीत कान्होपात्रा'त बालगंधर्वांनी गायलेले अभंग भजनी मंडळांनी आपलेसे केले. देऊळ आणि रंगमंच यांच्यात ही ये-जा कायमची आहे. ती थांबवायला गेलं तर आपल्या भक्तिसंगीताचा अर्धा संसार बाहेर फेकावा लागेल.

पण अष्टमकरांनी आणखी एक शहाणपण दाखवलं. सिनेगॉगमधली प्रार्थना हिब्रूत, तिच्या परंपरेच्या सुरांतच राहिली. कीर्तन तिच्या जागी आलं नाही, ते शेजारी उभं राहिलं. बुवा उभा राहणार, श्रोते ऐकणार, मध्येच सगळे पद उचलणार, अशी ती स्वतंत्र बैठक होती. मला कॅथलिक चर्चसाठीही नेमकं हेच हवं आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ ला उपासनाविधीबद्दलचा दस्तऐवज संमत केला. त्यात ग्रेगोरियन गायनाला मानाचं पान आहे, ऑर्गनची थोरवी आहे, आणि त्याचबरोबर देशोदेशींच्या संगीत परंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावं असंही स्पष्ट सांगितलं आहे. सगळ्या दस्तऐवजाचा जीव मात्र एका आग्रहात आहे: जमलेल्या सर्वांनी उपासनेत सक्रिय भाग घ्यावा. माझी कसोटी तिथेच आहे. 'पवित्र, पवित्र'च्या वेळी बाकांवरची माणसं गात आहेत की ऐकत आहेत?

या कसोटीवर वाग्नर तर नापास होतोच, आपला ख्यालही होतो. मोठी नावं घेऊन शास्त्रीय संगीत वेदीपाशी आणणाऱ्यांना हे रुचणार नाही. पण भूप रागातली विलंबित एकतालातली बंदिश सुरू झाली की गायक समेवर कसा येतो इकडे कान लागतात. ते तिथे लागलेच पाहिजेत, ख्याल त्याचसाठी आहे. बाकांवरचा माणूस मात्र त्या क्षणी उपासक राहत नाही, रसिक होतो. तोच भूप भजनात घ्या. पाच स्वर, केरवा ठेका, सप्तकाच्या आत मावणारी चाल, दुसऱ्या ओळीला सगळं देऊळ गाऊ लागतं. अंधेरीच्या ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रॉक्श या जर्मन धर्मगुरूंनी हिंदी भजनं रचली, ती याच वाटेने. राग, ताल, पेटी, तबला सगळं आत येऊ द्या. मैफल बाहेर ठेवा.

बाहेर म्हणजे दूर नव्हे. चर्चच्या आवारातल्या सभागृहात संध्याकाळी ख्याल व्हावा, बाखचा कीबोर्ड वाजावा, मेंडेल्सनही वाजावा, तिकीट न लावता. कोर्लईपासून पनवेलपर्यंतच्या धर्मग्रामांना हे अवघड नाही. लग्नांचे दिवस येण्याआधी फादरांनी आणि कॉयरच्या मुलांनी शेजारच्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्याला दोन-तीन संध्याकाळ बोलवावं. पांढरी चारऐवजी काळी एक किंवा दोनमध्ये गीत बसवून घ्यावं, म्हणजे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांचा आवाज पोचेल. शब्दांचे कागद बाकांवर ठेवावेत. मग नवरी आत येताना उभे राहिलेले पाहुणे नुसते मोबाइल उंच धरणार नाहीत, तिच्यासाठी गातीलही.