सर्व्हर डाऊन, पण शेवटची तारीख चालूच!



15 ऑगस्ट 2021 ला ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर पीक नोंदवायचं, ते सातबाऱ्यावर चढणार. चांगलं झालं. 15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांना फार्मर आयडी सक्तीचा झाला. 2025-26 च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आणि स्लॉट आला.

एकेक ॲप ठीक असेलही. गाडी अडते ती सांध्यावर. एक सॉफ्टवेअर दुसऱ्याला माहिती विचारतं, त्या जोडणीला एपीआय म्हणतात. आधारचा ओटीपी, महसूलचा सातबारा, बँकेचं खातं, सगळीकडून उत्तर आलं तरच फॉर्म पुढे सरकतो. समजा अशा चार जोडण्या आहेत आणि प्रत्येक जण शंभरात 95 वेळा उत्तर देतो. तरी चारही एका वेळी जुळणार 81 वेळाच. बाकीचे 19 शेतकरी कोणाच्या दारात जाणार?

गावात लोकांचे फॉर्म भरून देतो, म्हणून सांगतो, सगळ्यात जास्त चीड येते ती ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ या मेसेजची. चुकलं कोणाचं, ते कळतच नाही. महसूलवाले म्हणतात नोंद आहे, बँक म्हणते खातं चालू आहे, हेल्पलाईन म्हणते उद्या बघा.

तोवर वेचणीची मजुरी रोख द्यावी लागते, रब्बीचं बियाणं आणावं लागतं. 2025-26 ला लांब धाग्याचा हमीभाव 8110 रुपये होता, पण स्लॉटच नाही तर खेडा खरेदीवाल्याची गाडी दारात उभीच असते. भाव त्याचा, काटाही त्याचाच. चोपडा असो की शिंदखेडा, गत तीच.

ऑनलाईन नको, असं माझं म्हणणं नाही. व्यापाऱ्याचा माल शेतकऱ्याच्या नावावर खपू नये, यासाठी तपासणी हवीच. पण मग तीन गोष्टी करा. कोणती जोडणी तुटली ते मराठीत सांगा. अडलेल्या प्रयत्नाची तारखेसह पावती द्या आणि तीच अर्जाची तारीख धरा. तीन दिवसांत सुटलं नाही तर तहसीलला कागदावर अर्ज घ्या.

तोवर भाऊ, प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट काढा, तक्रार लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.