डॉल्फिनच्या खेळाचे तिकीट काढू नका
कोपरी, ठाणे पूर्व येथील पालकांना आवाहन

परीक्षा संपत आल्या की कोपरीतल्या घराघरांत सुट्टीचे बेत सुरू होतात. पूर्वी हे बेत गावाकडे नाहीतर महाबळेश्वरला जाऊन थांबत. आता दुबई-अबू धाबीची पॅकेजही अनेकांच्या आवाक्यात आली आहेत, आणि ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण दुबईतला डॉल्फिनचा खेळ किंवा अबू धाबीच्या यास बेटावर २०२३ मध्ये सुरू झालेले सीवर्ल्ड या ठिकाणांची नावे मुलांसाठी म्हणून बेतात सहज शिरतात. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे : सहलीला जरूर जा, पण डॉल्फिनला टाकीत ठेवून त्याच्याकडून खेळ करून घेणाऱ्या जागेला आपल्या कष्टाचा एक रुपयाही देऊ नका.

जे पाहायला आपण विमानाने जातो, ते आपल्या देशात उभारायला परवानगी नाही. १७ मे २०१३ रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने डॉल्फिनेरियमला मान्यता न देण्याचे परिपत्रक काढले. इतक्या बुद्धिमान आणि संवेदनशील प्राण्याला करमणुकीसाठी डांबून ठेवणे नैतिकदृष्ट्या मान्य होण्यासारखे नाही, असे कारण त्यात स्पष्ट दिले आहे. त्यामागे अनुभवही होता. १९९८ साली चेन्नईजवळच्या 'डॉल्फिन सिटी'त परदेशातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच दगावले. आपल्या सिंधुदुर्गातही तोंडवळी-वायंगणीला 'सी वर्ल्ड'चा घाट घातला गेला. गावकऱ्यांनी जमिनी देण्यास कडाडून विरोध केला आणि तो प्रकल्प अजून उभा राहिलेला नाही. मालवणच्या किनाऱ्यावर जे नको, ते अबू धाबीत तिकीट काढून पाहणे योग्य कसे ठरेल?

यावर पहिला आक्षेप येतो तो शिक्षणाचा : मुलांना डॉल्फिन जवळून दिसला तरच त्यांना समुद्राची ओढ लागेल. मग डॉल्फिनविषयी विज्ञान काय सांगते तेच पाहू. प्रत्येक बॉटलनोज डॉल्फिनची स्वतःची वेगळी शीळ असते आणि बाकीचे त्याला तिच्यावरून ओळखतात. शिकागो विद्यापीठातले संशोधक जेसन ब्रक यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की ही ओळख दोन-दोन दशके पुसली जात नाही. बेली आणि अ‍ॅली या दोन माद्या लहानपणी फ्लोरिडात एकत्र होत्या. पुढे त्यांची ताटातूट झाली आणि बेली बर्म्युडात पोहोचली. वीस वर्षे सहा महिन्यांनी अ‍ॅलीच्या शिळेचे ध्वनिमुद्रण ऐकवल्यावर तिने ती ओळखली. बंदिवासातल्या प्राण्यांमुळेच हे कळले, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. पण हा प्रयोग शक्य का झाला? कारण पैदाशीसाठी डॉल्फिन एका टाकीतून दुसऱ्या टाकीत हलवले जातात आणि त्यांचे सोबती तुटतात. खेळात शिट्टीसरशी उडी मारणारा डॉल्फिन पाहून यातले काहीच मुलाला कळत नाही. माणसाच्या इशाऱ्यावर प्राणी नाचतो आणि त्याबद्दल त्याला मासा मिळतो, एवढेच ते शिकते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नव्या उद्यानांत टाक्या मोठ्या असतात, जखमी प्राण्यांवर उपचार होतात, आणि बंदिवासात जन्मलेला डॉल्फिन समुद्रात सोडला तर जगेलच असे नाही. हे सगळे मान्य. पण उपचारांसाठी खेळ भरवावा लागत नाही. आणि आज टाकीत असलेल्यांना मरेपर्यंत सांभाळणे वेगळे, तिकिटे खपतात म्हणून पुढची पिढी टाकीतच जन्माला घालणे वेगळे. यास बेटावरच्या सीवर्ल्डने ऑर्का (किलर व्हेल) मुळात ठेवलेच नाहीत, यातच बरेच काही आले. टिलिकम हा ऑर्का १९८३ मध्ये आइसलँडजवळ पकडला गेला. तीन माणसांच्या मृत्यूशी त्याचा संबंध आला. त्यातली शेवटची, ऑर्लंडोच्या सीवर्ल्डमधली प्रशिक्षिका, २०१० मध्ये गेली. २०१३ मध्ये 'ब्लॅकफिश' या माहितीपटाने ही कहाणी जगापुढे आणली, प्रेक्षक रोडावले, आणि मार्च २०१६ मध्ये सीवर्ल्ड कंपनीने ऑर्कांची पैदास बंद करण्याचे जाहीर केले. आपल्या एका कुटुंबाच्या चार तिकिटांनी काय फरक पडणार, असे विचारणाऱ्यांना हेच उत्तर आहे. तो फरक अशाच चार-चार तिकिटांनी पडला. जो न्याय ऑर्काला लागू झाला तो डॉल्फिनला का नको, याचे पटणारे उत्तर मला कुठे सापडलेले नाही.

मग मुलांना समुद्र दाखवायचा कुठे? ठाणे स्टेशनातून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने दुसरे स्टेशन ऐरोली. तिथल्या सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत फ्लेमिंगो पाहायला बोट जाते. २०१५ साली अभयारण्य झालेली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेलेली ही आपलीच खाडी आहे. ती घाण आहे, वास मारते, ही तक्रार खोटी नाही. पण आपल्या नाल्यांचे पाणी कुठे जाते आणि तरीही तिवरांच्या आधाराने काय काय तगून आहे, हे कोपरीच्या मुलाने पाहायलाच हवे. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले वाळूतून निघून पाण्याकडे जाताना दिसतात. डॉल्फिनच हवे असतील तर ते कोकण किनाऱ्यावर आहेत. फक्त बोटवाल्याला आधीच बजावा की पाठलाग करायचा नाही, अंतरावर इंजिन मंद करून थांबायचे. कधी ते दिसणार नाहीत, मुले हिरमुसतील. तेवढे सोसायची तयारी ठेवा.

आणि परदेशवारी ठरलीच असेल, तर पैसे भरण्याआधी टूरवाल्याकडून कार्यक्रम लेखी मागा, डॉल्फिनचा खेळ त्यातून काढायला सांगा आणि का काढायचा तेही सांगा. ऐरोलीला जाणार असाल, तर तिथली बोट भरती-ओहोटीवर सुटते, म्हणून वेळ आधी विचारून घ्या. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत असतात.