आजीचं नाक आणि कॅमेऱ्याची लेन्स

दोस्तांनो, भाईंदरच्या एका दहावीतल्या मैत्रिणीचं पत्र आलंय. तिची आजी उत्तनच्या कोळीवाड्यात राहते. आजीचा छानसा फोटो काढून, फ्रेम करून भिंतीवर लावायचा असं हिने ठरवलं. मोबाइल अगदी जवळ नेऊन फोटो काढला. तो बघून आजी म्हणाली, "ही मी नाय! येवढं नाक माझं कधी झालं?" आता आजी कॅमेऱ्यासमोर बसायलाच तयार नाही. बाबांकडे जुना डीएसएलआर आहे आणि ते एक लेन्स घेऊन द्यायला तयार आहेत. मैत्रीण विचारते, कुठली घेऊ?

सांगतो. पण आधी थोडं गणित, कारण आजीचं नाक लेन्सने मोठं केलेलं नाही. ते अंतराने केलंय!

नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंटिमीटर मागे असतात. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर धरला, तर कान ४२ वर. जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान दिसते, म्हणजे कानांच्या मानाने नाक जवळजवळ दीडपट फुगलं. आता दीड मीटर मागे सरका. नाक १५० वर, कान १६२ वर. फरक उरला फक्त आठ टक्के. २०१८ साली अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी असाच हिशेब मांडला होता. १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असं त्यांना आढळलं. लोक सेल्फी दाखवून 'नाक लहान करा' म्हणत प्लॅस्टिक सर्जनकडे येत होते, म्हणून हा खटाटोप. आपल्या नाकावर रुसलेल्या आठवी-नववीतल्या मंडळींनी हा आकडा कापून ठेवावा, बरं का!

मग लेन्सचं काम काय? तर तुम्हाला लांब उभं राहू देणं. मोबाइलची नेहमीची लेन्स, फिल्म कॅमेऱ्याच्या भाषेत, साधारण २६ मिलिमीटरची. उभ्या फोटोत डोकं आणि खांदे भरून यायला हवे असतील तर तिला पाऊण हातावर, ४३ सेंटिमीटरवर जावं लागतं. ५० मिलिमीटरला ८३ सेंटिमीटर पुरतात आणि ८५ ला सुमारे १ मीटर ४० सेंटिमीटर. म्हणूनच फिल्मच्या जमान्यापासून चेहऱ्यासाठी ८५ ते १०५ ची लेन्स वापरत आले. यापेक्षा मोठी घेऊ नका. भाईंदरच्या दहा फुटी हॉलमध्ये तुमची पाठ भिंतीला टेकेल आणि तरी आजीचे खांदे कापले जातील!

बहुतेक घरगुती डीएसएलआरचा सेन्सर फिल्मपेक्षा छोटा असतो. त्यामुळे त्यावर ५० ची लेन्स ७५-८० सारखी वागते. तेव्हा माझं मत स्पष्ट आहे : ५० मिलिमीटर, एफ/१.८. कंपन्यांच्या सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी ती एक असते. पण कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ घरात असेल तर आधी ती ५५ वर ठेवून चार फुटांवरून फोटो काढून बघा. निम्मं काम तिथेच होईल.

उरलेलं निम्मं म्हणजे मागचा पसारा. उत्तनला आजीच्या मागे बांबूंवर वाळणारे बोंबील, जाळी, होड्या असं सगळं दिसणार. एफ/१.८ ने ते छान धूसर होतं. मात्र जवळून काढताना मोह आवरा. तेव्हा जेमतेम काही सेंटिमीटरच स्पष्ट येतात, डोळे लख्ख आणि कान धुक्यात! एफ/२.८ किंवा ४ ठेवा आणि फोकस कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर. आणि बोंबील वाळत घालणारी आजीच दाखवायची असेल, तर हे सगळं विसरा. रुंद लेन्स लावा, दोन मीटर मागे जा आणि चेहरा फोटोच्या कडेला नेऊ नका, तिथे तो ताणला जातो.

लेन्स जुनी घ्यायची तर चर्चगेटला उतरून बाबांबरोबर फोर्टच्या बोरा बाजारात जा. लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. समुद्राकाठच्या दमट हवेत ती लवकर धरते. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. घरी लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा.

फक्त मोबाइलच आहे? पाच फूट मागे उभे राहा, दुप्पट झूम करा. तसं झूम नसेल तर नंतर कडा कापा.

गौतम राजाध्यक्षांचं १९९७ मध्ये आलेलं 'फेसेस' वाचनालयात मिळालं तर आईबाबांबरोबर जरूर चाळा. प्रत्येक चेहऱ्यापाशी थांबून अंदाज बांधा, फोटोग्राफर किती फुटांवर उभा असेल? पुढच्या आठवड्यात खिडकीच्या उजेडाबद्दल.