विश्लेषण : रायफल नवी, पण भरवसा मॅगझीनचा!

भारतीय लष्कराच्या हातात आज तीन वेगवेगळ्या घराण्यांच्या रायफली आहेत. जुनी इन्सास, अमेरिकी सिग-७१६ आणि उत्तर प्रदेशातील कोरवा येथे तयार होणारी एके-२०३. खरेदीची बातमी आली की चर्चा होते ती संख्या, किंमत आणि पल्ल्याची. काडतुसे ज्यात भरली जातात त्या मॅगझीनबद्दल क्वचितच कोणी बोलते. हे बदलायला हवे. ऐन वेळी रायफल अडते तेव्हा दोष अनेकदा याच सुट्या, स्वस्त भागात सापडतो.

मॅगझीनचे काम नेमके काय?

अर्धस्वयंचलित रायफलीत ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते. पण रिकामे काडतूस बाहेर फेकणे आणि पुढचे नळीत सरकवणे हे काम रायफल स्वतः करते. बोल्ट मागे जाऊन पुढे येतो, तेवढ्या क्षणार्धात मॅगझीनने पुढचे काडतूस वर आणून ठेवायचे असते.

त्यासाठी खालची स्प्रिंग फॉलोअर नावाच्या तुकड्याला वर ढकलते. मॅगझीनच्या वरच्या कडा, म्हणजे फीड लिप्स, काडतूस नेमक्या कोनात धरतात. या कडा किंचित फाकल्या तर काडतूस तिरके अडकते किंवा दोन एकदम वर येतात. स्प्रिंग थकली तर काडतूस वर येण्याआधीच बोल्ट पुढे निघून जातो आणि नळी रिकामीच राहते.

बसले म्हणजे जुळले का?

नाही. सगळा घोटाळा इथेच होतो.

एआर-१५ आणि एम-१६ घराण्याची रायफल मुळात २० काडतुसांच्या सरळ मॅगझीनसाठी बनली. काडतूस मात्र पुढे थोडे निमुळते असते, त्यामुळे जास्त काडतुसे रचली की थप्पी वळते. म्हणून ३० काडतुसांचे मॅगझीन वर सरळ आणि खाली वाकडे करावे लागले. त्या वळणावर फॉलोअर कलंडू नये यासाठी अमेरिकी लष्कराला त्याची रचना पुन्हा पुन्हा बदलावी लागली.

याच मॅगझीनला ‘नाटो मॅगझीन’ म्हणतात. प्रत्यक्षात १९८० मध्ये मांडलेला स्टॅनॅग ४१७९ हा प्रमाणीकरणाचा मसुदा कधीच मंजूर झाला नाही. त्यामुळे नाव एक असले तरी मापे तंतोतंत सारखी असतीलच असे नाही. २०१२ मध्ये अमेरिकी मरीन कोअरने मॅगपुल कंपनीच्या लोकप्रिय प्लास्टिक मॅगझीनवर बंदी घातली. कारण ते एम-४ मध्ये उत्तम चाले, पण एम-२७ मध्ये नीट बसत नव्हते. सुधारित आवृत्तीला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. ब्रिटनच्या एसए-८० रायफलीच्या दुरुस्तीतही नवे पोलादी मॅगझीन द्यावे लागले.

गोळी बदलली तरी गणित बदलते. अमेरिकेने एम-८५५ए१ ही पोलादी टोकाची गोळी आणली, तेव्हा काडतुसाचा कोन सुधारणारे वेगळे मॅगझीनही काढावे लागले.

सर्वांत धोकादायक चूक कोणती?

मॅगझीन बरोबर, पण आतले काडतूस चुकीचे! .३०० ब्लॅकआउट हे काडतूस ५.५६ मिमीच्याच मॅगझीनमध्ये भरता येते. ते ५.५६ च्या रायफलीत गेले आणि गोळी सुटली तर रायफल फुटू शकते. म्हणून दोन्ही वापरणाऱ्यांनी मॅगझीनवर ठळक रंगीत पट्टी लावणे आवश्यक ठरते.

आपल्याकडेही ‘७.६२’ या एका आकड्याने गोंधळ होऊ शकतो. सिग-७१६ चे काडतूस ५१ मिमी लांबीच्या कवचाचे, तर एके-२०३ चे ३९ मिमीचे. मॅगझीन बसवण्याची पद्धतही वेगळी. सिगचे सरळ वर ढकलायचे, एकेचे पुढची कड अडकवून मागे ओढायचे.

प्लास्टिक की धातू?

इन्सासची रचना पुण्यातील डीआरडीओच्या एआरडीई प्रयोगशाळेत झाली. कारगिल युद्धाच्या वेळी कडाक्याच्या थंडीत तिची प्लास्टिक मॅगझीन तडकत असल्याच्या तक्रारी आल्या. तेव्हापासून ‘प्लास्टिक वाईट’ असा समज रुजला. तो अर्धवट आहे. प्लास्टिकचा दर्जा आणि त्याची चाचणी कोणत्या तापमानाला झाली, हा खरा प्रश्न. प्लास्टिक तडकले तर निदान दिसते. धातूच्या मॅगझीनची कड पडून वाकली तर डोळ्यांना कळतही नाही.

दुसरा समज म्हणजे भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते. चांगली पोलादी स्प्रिंग तिच्या मर्यादेत दाबून ठेवली तर फारशी बिघडत नाही. ती थकते वारंवार दाबण्या-सोडण्याने.

मग निवड कशी व्हावी?

निकष साधे आहेत. मॅगझीन त्याच रायफलीत, त्याच गोळीने तपासावे. पूर्ण भरलेले मॅगझीन बोल्ट बंद असतानाही खटकन बसले पाहिजे. शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट उघडा राहण्याची सोय असलेल्या रायफलीत तो दर वेळी उघडा राहिला पाहिजे. प्रत्येक मॅगझीनवर क्रमांक हवा, म्हणजे रायफल अडली की दोष रायफलीचा की मॅगझीनचा हे लगेच कळते. दोनदा अडलेले मॅगझीन सरावापुरते ठेवावे किंवा मोडीत काढावे.

सामान्य भारतीय नागरिकाचा अशा रायफलींशी संबंध येत नाही, कायद्याचे निर्बंध कडक आहेत. पण जवान आणि पोलिसांचा रोजचा संबंध आहे. म्हणूनच माझे मत असे, की रायफलीच्या करारात मॅगझीनला ‘सोबत मिळणारी वस्तू’ मानणे थांबवावे. त्याची सियाचीनच्या थंडीत आणि राजस्थानच्या धुळीत स्वतंत्र चाचणी व्हावी. टायरप्रमाणे ते झिजणारे मानून बदलण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा. मॅगझीनवर वाचवलेल्या चार पैशांची किंमत चकमकीत जवानाने का मोजावी?