पडदा दिला, स्पर्शाची वायर कोण देणार?

कर्जत आणि खालापूरच्या डोंगरपट्ट्यात ठाकुरवाडी नावाच्या वाड्या एकाहून अधिक आहेत. आम्ही कोणत्या वाडीबद्दल लिहितो आहोत ते मुद्दाम सांगत नाही. तिथल्या गुरुजींना उद्या वरून कुणी जाब विचारावा अशी आमची इच्छा नाही. शाळा जिल्हा परिषदेची, दोन खोल्यांची. मुलं बहुतेक ठाकूर समाजाची, थोडी कातकऱ्यांची. एका खोलीच्या भिंतीवर पासष्ट इंची टच पॅनल आहे, एका कंपनीने दिलेलं. फीत कापतानाचा फोटोही शेजारीच फ्रेम करून टांगलेला आहे.

जूनमध्ये वह्या घेऊन आम्ही वर गेलो तेव्हा गुरुजींनी कौतुकाने लॅपटॉप जोडून दाखवला. गणिताचा खेळ सुरू झाला. पडद्यावर प्रश्न आला आणि खाली चार उत्तरं. तिसरीतली एक मुलगी उठली, पुढे गेली आणि बरोबर उत्तरावर बोट ठेवलं. काहीच झालं नाही. तिने पुन्हा दाबलं, मग जोरात दाबलं. गुरुजी म्हणाले, "बाळा, हे आपल्याला नुसतं बघायचं असतं." आणि त्यांनी स्वतः लॅपटॉपवर माऊस दाबून उत्तर दिलं.

पॅनल बिघडलेलं नव्हतं. लॅपटॉप काढला की पॅनलची स्वतःची अँड्रॉइड यंत्रणा बोटाने व्यवस्थित चालत होती. पण गुरुजींनी वर्षानुवर्षं जमवलेले धडे, चित्रं, खेळ सगळं लॅपटॉपमध्ये. आणि लॅपटॉप ते पॅनल वायर होती एकच, एचडीएमआयची.

इथे थोडं तांत्रिक बोलावं लागेल, कारण आपल्या मागण्या बहुतेक वेळा याच ठिकाणी लंगड्या पडतात. एचडीएमआय वायर लॅपटॉपमधलं चित्र आणि आवाज पॅनलकडे नेते. तिचं काम तेवढंच. मुलाने बोट कुठे ठेवलं ही खबर उलट दिशेने, पॅनलकडून लॅपटॉपकडे जावी लागते आणि त्यासाठी दुसरी वायर लागते, यूएसबीची. तिचं एक टोक प्रिंटरला असतं तसं चौकोनी. पॅनलवर 'टच' लिहिलेल्या खाचेत ते बसतं. दुसरं टोक लॅपटॉपच्या नेहमीच्या यूएसबीत. विंडोज तिला बहुतेक वेळा आपोआप ओळखतं. म्हणजे पहिली वायर दाखवते आणि दुसरी ऐकून घेते.

ती दुसरी वायर शाळेतच होती. खिचडीच्या तांदळाच्या गोणीमागे, खोक्यात, प्लास्टिकसुद्धा न फोडलेली. बसवायला आलेल्या माणसाने गुरुजींना चालू-बंद करायला शिकवलं, सही घेतली आणि तो गेला.

आम्ही वायर जोडली, तरी चालेना. मग लक्षात आलं की चित्र एचडीएमआय दोनमध्ये होतं आणि वायर 'टच एक'मध्ये. अनेक पॅनलवर या जोड्या ठरलेल्या असतात, ज्या क्रमांकाचं चित्र त्याच क्रमांकाचा स्पर्श. ते बदललं, तर बोट पॅनलवर आणि बाण हलतोय लॅपटॉपच्या पडद्यावर! लॅपटॉप 'एक्स्टेंड'वर होता. विंडोजचं बटण धरून पी दाबलं, 'डुप्लिकेट' निवडलं आणि काम झालं. 'एक्स्टेंड'च ठेवायचं असेल तर कंट्रोल पॅनलमधल्या टॅब्लेट पीसी सेटिंग्जमध्ये जाऊन स्पर्श कोणत्या पडद्याचा ते एकदा सांगावं लागतं. जुना डेस्कटॉप असेल आणि त्याला निळी व्हीजीए वायरच असेल, तर आवाजाची वायर वेगळी लावायची आणि स्पर्शाची यूएसबीही वेगळी. नव्या लॅपटॉपच्या टाइप-सी खाचेतून चित्र आणि स्पर्श एकाच वायरीने जाऊ शकतात, पण प्रत्येक टाइप-सी खाच चित्र देत नाही. विकत घेण्याआधी विचारा. आणि साधी यूएसबी वायर पाच मीटरपेक्षा लांब घेऊ नका, पुढे ती दगा देते. वायरशिवाय जोडण्याची सोय दुकानदार हमखास सांगतो. वाडीवर जिथे मोबाइलला रेंज शोधत टेकाडावर जावं लागतं, तिथे तिच्यावर भरवसा ठेवू नये.

अर्ध्या तासाचं काम. तरी जवळजवळ एक शैक्षणिक वर्ष ते पॅनल टीव्ही होऊन लटकत होतं.

बाबासाहेबांच्या शाळेतला नळ आपल्याला ठाऊक आहे. नळ शाळेतच होता, पण शिपाई येऊन उघडेल तेव्हाच पाणी. ठाकुरवाडीत तसंच घडलं असं आम्ही म्हणत नाही. तिथे जातीने मनाई केली होती; इथे कुणी कुणाला अडवलं नाही, गुरुजींच्या मनात तर मुलांविषयी मायाच आहे. पण वस्तू समोर आहे आणि तिला हात लावून काही होत नाही, हा अनुभव त्या मुलीला तिसरीतच मिळाला. यात कुणाचा द्वेष नाही, कुणाला फरक पडत नाही एवढंच. समाजशास्त्रात 'सांस्कृतिक भांडवल' हा शब्द आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. तो या वायरीने समजावला. पुण्या-मुंबईच्या महागड्या शाळेत टच चालला नसता, तर त्याच संध्याकाळी पालकांनी मुख्याध्यापकांचा फोन वाजवला असता. इथले कातकरी पालक दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. खोक्यात किती वायरी यायला हव्या होत्या हे त्यांनी कुणाला विचारायचं?

काही मित्र म्हणतात, पडद्यांचं हे खूळ सोडा, आधी शिक्षक वाचवा. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचा विषय पुढे आला, तेव्हापासून वाड्यांवरच्या शाळांवर टांगती तलवार आहे. त्या लढ्यात आम्ही आहोतच. पण नीट पाहा: एकाच वायरीचा पडदा शिक्षकाला फालतू ठरवतो. व्हिडिओ लावा, मुलं बसवा, शिक्षक कशाला? मूल उठून फळ्याशी येतं, चुकतं, तेव्हाच त्याला सांगणारं माणूस लागतं. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड गुरुजींच्या डिजिटल प्रयोगामुळे राज्यभर गाजली. तो आदिवासी पाडाच होता आणि तिथेही आधी शिक्षक होता, मग यंत्र.

दुसरं, ही दानत नव्हे. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला सांगतं. म्हणून आभाराच्या पत्राआधी शाळा व्यवस्थापन समितीने लिहून घ्यावं: दोन्ही वायरी, इन्व्हर्टर, दुरुस्ती आणि गुरुजींना किमान दोन दिवसांचं प्रशिक्षण. आपल्याकडच्या पावसात वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, पॅनल विझतं. अनेक पॅनलच्या चौकटीत न दिसणाऱ्या किरणांची जाळी असते, ती अडली की पॅनल त्याला स्पर्श समजतं. काठावर किडा बसला तरी आपोआप बटणं दाबली जातात. बिघडलं म्हणून पॅनल बंद ठेवण्याआधी चौकट कोरड्या फडक्याने पुसा.

आता आपल्या घरचं. १४ एप्रिलला आपल्या मंडळांच्या मिरवणुकीत एलईडी भिंत असते. तिला लॅपटॉप जोडणारी, भर रस्त्यात जनरेटरवर चित्र आणि आवाज जुळवणारी पोरं आपलीच. कोणती वायर कुठे, हे ज्ञान वस्तीत आहे. ते वर्षातून एक रात्र वापरतो. आम्ही हे बोललो तेव्हा एकाने विचारलं, "शाळा आदिवासींची, आपण का जायचं?" १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. ती समिती अस्पृश्य आणि आदिवासी या दोघांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी होती. दोघांची दुःखं सारखी नाहीत, आणि ठाकुरांच्या वतीने आपण बोलायची गरजही नाही, त्यांची पोरं बोलतात. आपण वायर घेऊन जायचं. प्रश्न विचारणारा तो पोरगा पुढच्या फेरीला आला आणि पाचवीतल्या दोघांना जोडणी शिकवून गेला.

त्या दिवशी वायर जोडल्यावर आधी तीच मुलगी आली. उत्तर दाबलं, घंटा वाजली, मग रांगच लागली. कुणी बोटाने, कुणी कोपराने, एकाने नाकाने उत्तर दिलं, पॅनलने सगळी घेतली. पहिलीतली पोरं मात्र रांगेतून परत फिरली. पॅनल फोटोत नीट यावं इतक्या उंचीवर ठोकलेलं आहे, खालची ओळ सोडली तर त्यांचा हात पोहोचत नाही. ते उतरवून दीड फूट खाली घ्यायचं आहे. चार माणसं आणि ड्रिल मशीन लागेल. ड्रिल आमच्याकडे आहे, माणसं दोन कमी आहेत.

जय भीम.