इटालियन शब्द आधी नीट फोडा

इटालियन शिकायला बसलेल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. शब्द पाठ करत सुटण्याआधी ते फोडून म्हणायला शिका, आणि इंग्रजीच्या वाटेने तर मुळीच जाऊ नका. मराठीची वाट जवळची आहे.

सगळ्यात जास्त लक्ष द्या ते दुहेरी व्यंजनांकडे. ‘नोत्ते’ म्हणजे रात्र. हा शब्द नोत्-ते असा फुटतो, आणि पहिल्या त् वर जीभ क्षणभर टेकून राहते. तिथे घाई केली की अर्थ पालटतो. ‘सेत्ते’ म्हणजे सात, ‘सेते’ म्हणजे तहान. ‘काप्पेल्लो’ ही टोपी, ‘कापेल्लो’ हा केस. वय सांगताना ‘आन्नी’मधला एक न गाळलात, तर वर्षांच्या जागी गुदद्वार येतं! ‘पत्ता’, ‘पक्का’ म्हणणाऱ्या जिभेला हे जड नाही. फक्त स्वराचं भान हवं. ‘पाला’ म्हणजे फावडं, त्यातला पहिला आ लांबवा. ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू, तिथे आ आखूड आणि ल्ल घट्ट.

काही जोड्या मात्र फोडायच्याच नाहीत. ‘बान्यो’मधला न्य आणि ‘फील्यो’मधला ल्य रोमन लिपीत दोन-दोन अक्षरांनी लिहितात, तरी ओळीच्या शेवटी शब्द तोडताना बा-न्यो, फी-ल्यो असेच तोडतात. स् पुढच्या व्यंजनाला धरून राहतो, म्हणून पा-स्ता.

त आणि द दातांना जीभ लावूनच म्हणा. दूध ‘लात्ते’ आहे, ‘लाटे’ नव्हे. ‘पिझ्झा’त झ नाहीच, तिथे आपल्या ‘चांगला’तला च आहे, तोही दुहेरी. उलट ‘चाओ’मध्ये ‘चार’मधला च. हे दोन्ही च आपल्याकडे आयते असताना इंग्रजी उच्चार उसना का घ्यायचा? ‘ब्रुशेटा’ही सोडा, ‘ब्रुस्केत्ता’ म्हणा.

राहिला आघात. तो बहुधा शेवटून दुसऱ्या अवयवावर पडतो, पण त्यावर विसंबू नका. नापोली, मोदेना, ब्रिंदिसी या गावांच्या नावांत तो पहिल्यावरच आहे. शेवटच्या स्वरावर आघात असला तर लिहिताना त्यावर खूण करतात, जशी ‘चित्ता’ म्हणजे शहर या शब्दात. एरवी सहसा करत नाहीत. म्हणून नवा शब्द वहीत उतरवताना शब्दकोशात आघात बघा, त्या स्वराखाली रेघ ओढा आणि मगच तो मोठ्याने म्हणा.